बारा की पंचवीस

आमच्या कळंबोलीच्या बिल्डिंगमध्ये वर्षं मोजायची वेळ आली की लोक माझ्याच दारात थांबतात. तळमजला, त्यात माझं दार कायम उघडं. शिक्षण सातवीपर्यंतच, पण कुणाच्या घरी कधी काय झालं ते मला पाठ. ऐकून ऐकून इतकं साठलंय की सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

*

आमचे सेक्रेटरी मोहिते. सोसायटीची दशकपूर्ती करायची म्हणून त्यांनी मंडपवाल्याला बोलावलं. मी म्हटलं, अहो भाऊ, राहायला येऊन आठच वर्षं झाली. ते जराही हलले नाहीत.

"फ्लॅट बुक करून दोन वर्षं वाट बघितली, ती कुठे गेली, वहिनी?"

दशकपूर्ती झाली. त्यांचं भाषण ऐन रंगात असताना नळाला पाणी आलं नि मंडप रिकामा!

*

पहिल्या मजल्यावरच्या आजी तळवलीच्या. मुलांना त्यांचं सहस्रचंद्रदर्शन थाटात करायचं होतं. हजार पौर्णिमा म्हणजे वय एक्क्याऐंशीच्या आसपास हवं. पण जन्मतारीख कुठे? आजींना एवढंच ठाऊक, खाडीचा बांध फुटला तेव्हा त्या रांगत होत्या. चौकशी केली तर बांध दोनदा फुटलेला. एका हिशेबाने आजी अठ्ठ्याहत्तर, दुसऱ्याने चौऱ्याऐंशी. मुलं हमरीतुमरीवर आली.

आजी सुकट निवडत म्हणाल्या, "मी चांद मोजत बसले असते, तं तुमाला भात कोनी घातला असता?"

*

आमचे हे लोखंड बाजारात गोदामावर कामाला. लग्नाला पंचवीस वर्षं झाली त्या महिन्यात मी रोज संध्याकाळी ठेवणीतली साडी नेसून बसायचे. एकदा हे पेढे घेऊन आले. म्हटलं, आठवलं बाई एकदाचं.

"गोदामातल्या वजनकाट्याला आज एक तप झालं. बारा वर्षांत एकदाही बंद पडला नाही."

"आणि आपलं लग्न?"

"ते कुठे बंद पडलंय?"

*

पुढे ह्याच तपाचं मला टेन्शन आलं. शेजारची सिंधू. तिचा नवरा ट्रक घेऊन निघाला तो परत आलाच नाही. ट्रक हायवेला सापडला, माणूस नाही. अठ्ठ्याण्णव साली त्याला बारा वर्षं झाली नि साताऱ्याहून तिचे दीर आले. तप उलटलं, आता पळसाच्या पानांचा पुतळा करून भावाची क्रिया उरकायची, असं त्यांनी ठरवलं. म्हणजे सिंधूने मंगळसूत्र उतरवायचं. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

आठवडाभर मी साखर माग, विरजण माग, करत तिच्याकडे फेऱ्या घातल्या. ती वाटी भरून द्यायची नि दार लोटून घ्यायची. शनिवारी तीच आली आणि माझा चौरंग मागून घेऊन गेली. मला वाटलं, क्रियेचीच तयारी.

रविवारी सकाळी दीर भटजींना घेऊन आले. पानांची जुडी भटजींच्या काखेत, तळ्यावर जायला रिक्षा बाहेर उभी. मी मागोमाग. सिंधूने दार उघडलं. आत रांगोळी, कलश, सत्यनारायणाची मांडामांड, नि ती स्वतः हिरव्या साडीत.

"भावजी, तुम्ही बारा मोजलीत, मी पंचवीस मोजली. ह्या महिन्यात आमच्या लग्नाचा रौप्यमहोत्सव आहे."

दीर भडकले. जोडीशिवाय कसली पूजा, म्हणाले.

नवरा बाहेरगावी असला की त्याच्या जागी सुपारी ठेवून पूजा करतात, हे आम्हा सगळ्यांना माहीत. सिंधूने पाटावर एक सुपारी ठेवली नि भटजींकडे बघितलं.

"पुतळ्याने क्रिया होते ना? मग सुपारीने जोडी होईल की."

भटजींनी ती जुडी बाहेर चपलांपाशी ठेवली, हातपाय धुतले नि चौरंगासमोर येऊन बसले.

"यजमानांचं नाव?"

लग्न झाल्यापासून सिंधूने नवऱ्याचा उल्लेख 'हे' असाच केलेला. मी तर तिच्या तोंडून ते नाव कधीच ऐकलं नव्हतं.

"सदाशिव," ती म्हणाली. इतक्या मोठ्यांदा, की जिन्यातली सगळी दारं उघडली.