धाकट्या आईचा रकाना

मुचानेता या नावाचा आमच्या शोना भाषेत अर्थ होतो, 'बोलून बोलून थकाल'. भावकीला टोमणा म्हणून बापाने ते लेकीला ठेवलं. भोगलं मात्र लेकीनं.

आमच्या मुतारे शहरात अंत्यविधीचा विमा उतरवणारी एक कंपनी आहे. घरात कुणी गेलं की सभासदाने साध्या इंग्रजीत मेसेज टाकायचा. कंपनी शवपेटी आणि गावी जायला बस धाडते. मी तिथे पंचवीस वर्षं कारकून. पूर्वी सगळे मेसेज मीच वाचून फॉर्म भरायचो. मग आमचे मॅनेजर मातांबोसाहेब यांनी बाहेरून एक प्रोग्रॅम विकत आणला. तो वाक्य फोडून एकेक तुकडा रकान्यात टाकायचा : कोण गेलं, नातं काय, कधी, कुठे.

पहिल्याच आठवड्यात एकाने लिहिलं, "माझे वडील लेट झालेत." आमच्याकडे माणूस मेला म्हणत नाहीत, लेट झाला म्हणतात. प्रोग्रॅमने उलट विचारलं, "हरकत नाही. ते किती वाजता पोहोचतील?"

तो माणूस फोन घेऊन आला आणि काउंटरवर डोकं टेकून रडला. मुचानेता तेव्हा आमच्याकडे टायपिंग करायची. त्याआधी शाळेत इंग्रजी शिकवलेलं. ती उठून साहेबांच्या दारात उभी राहिली.

"साहेब, हे काम मला द्या. त्या यंत्राला आपलं इंग्रजी कळत नाही."

"आणि तुला यंत्राचं कळतं होय?"

"शिकलेय. घरच्या घरी."

तिने जुने अकराशे मेसेज घेतले आणि पेन्सिलने खुणा करत वाचून काढले. 'विसावली', 'आम्हाला टाकून गेले', 'काल नव्हे, परवा पहाटे'. प्रत्येक बोलण्यासाठी तिने एकेक नियम लिहिला. अडली ती 'धाकटी आई'पाशी. आईची बहीण ही आमची आईच. धाकटी किंवा थोरली, एवढाच फरक. पण फॉर्मवर रकाने दोनच, आई आणि मावशी, आणि मावशी विम्यात बसत नाही.

मी तिच्यापेक्षा बराच मोठा, म्हणून ती मला सेकुरू, म्हणजे मामा, म्हणायची. "सेकुरू, तुम्ही कागदावर काय लिहायचात?"

"आई. दुसरं काय लिहिणार?"

मग तिनेही तसाच नियम केला. तीन वर्षं एकही माणूस रडत आला नाही.

नंतर हरारेच्या मुख्य कचेरीने आकडे चाळले. साहेबांनी तिला बोलावलं. "एकेकाला तीन-तीन आया? ही कंपनी आहे की माहेर?"

"साहेब, आया तुम्हालाही तीन आहेत."

"मी फॉर्म भरत नाही. एक ओळ बदलायची आहे, बदल."

दोन दिवस ती नाही म्हणाली. तिसऱ्या दिवशी कळलं, तिने नाही केलं तर हरारेवाले तिचं सगळंच पुसून पहिला प्रोग्रॅम परत लावणार. तिने ओळ बदलली. त्या दिवशी डबा न उघडताच घरी नेला.

तेव्हापासून नकार जाऊ लागले, तेही तिच्याच नम्र इंग्रजीत : 'आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, परंतु मावशी या विम्यात येत नाही.' चिमानिमानीहून तिचाफारा नावाचा एक शेतमजूर आला. त्याला वाढवणारी धाकटी आई चार दिवस शवागारात पडून होती. आमच्या पायरीवर बसून तो एकच म्हणत राहिला, "मावशी कोण? मला कुणी मावशी नाही."

दुसऱ्या दिवसापासून मुचानेता जेवणाच्या सुट्टीत गेटवर उभी राहू लागली. हातात फोन घेऊन आलेल्यांना हळूच सांगायची, "धाकटी-थोरली लिहू नका. नुसतं 'आई' लिहा." दोन महिने निभलं.

मग साहेबांनी मला आत बोलावलं. माझ्या निवृत्तीला आठ महिने उरले होते.

"ती गेटवर काय सांगते, तुम्ही ऐकलंय?"

नाही म्हणता आलं असतं. माझे कान म्हातारे, त्यांनी विश्वासही ठेवला असता.

"ऐकलंय," मी म्हणालो.

तिला त्याच दुपारी काढलं. पिशवी भरताना ती माझ्याकडे वळली. "तुम्ही खोटं बोलला नाहीत, सेकुरू. तुमच्या बाजूने एवढंच म्हणता येईल."

प्रोग्रॅम अजून चालतो. कंपनीच्या वार्षिक पुस्तिकेत तो मातांबोसाहेबांनी घडवल्याचं छापलंय, फोटोसकट.

निवृत्त झाल्यावर मी एकदा साकुब्वा वस्तीत तिच्या घरी गेलो. ओट्यावर ती सातवीच्या मुलींना निबंध शिकवत होती. रीतीप्रमाणे मी कुंपणापाशी वाकून टाळ्या वाजवल्या. तिनेही गुडघे वाकवून ओंजळीने टाळ्या वाजवल्या, माझी तब्येत विचारली, बायको-मुलांची विचारली. रीतीत काही कमी ठेवलं नाही. मग मुलींकडे वळली आणि निबंध पुढे सुरू केला. मला बसायला खुर्ची मात्र बाहेर आली नाही. मी थोडा वेळ उन्हात उभा राहिलो आणि बस धरून घरी आलो.