पिलांच्या खोलीत विझणारा हीटर

बी.एस्सी. होऊन दोन वर्षं नोकरी लागली नाही, तेव्हा वडिलांनी गोठ्यातली निम्मी जागा मला कोंबड्यांसाठी दिली. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. म्हैस कडेला बांधून त्यांनी मधली भिंत स्वतः घातली. हे जमेल का, असं एकदाही विचारलं नाही.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. राधानगरीकडच्या आमच्या गावात पावसात वीज गेली की चार-चार दिवस येत नसे, म्हणून पिलांना ऊब द्यायला मी कोल्हापुरातून रॉकेलचा हीटर आणला. कोंबडीपालनाच्या प्रशिक्षणात ऐकलं होतं, की लहान पिलांना वारा लागता कामा नये. मी वडिलांना तेच सांगितलं. आमच्याकडे पावसाळ्याआधी पश्चिमेच्या भिंतीला उसाच्या पाल्याचे तट्टे बांधतात. वडिलांनी ते तिन्ही बाजूंनी बांधले, फटी शेणमातीनं लिंपल्या आणि दाराला पोत्यांचा पडदा लावला.

पिलं आली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी वीज गेली. हीटर लावला. अर्ध्या तासात विझला. पुन्हा लावला, पुन्हा विझला. मी वात कापली. रेशनच्या रॉकेलमध्ये पाणी असेल म्हणून ते काचेच्या बाटलीत भरून ठेवलं. तळाला काही बसलं नाही. टाकीच्या झाकणाचं भोक सुईनं मोकळं केलं. तिकडे पिलं उबेसाठी एकमेकांवर चढत होती आणि खालची चेंगरत होती.

शेवटी हीटर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बाजारातल्या स्टोव्ह दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानं तो दुकानाच्या पायरीवर पेटवला. आमचा चहा झाला, त्याचं दुसरं गिऱ्हाईक येऊन गेलं, तरी हीटर जळतच होता.

"पावणं, ह्येला काय बी झाल्यालं न्हाय," तो म्हणाला. "तुमच्या कोंबड्याच फुकर मारत असतील की."

मी घरी आलो तोवर वडिलांनी पडद्यावर आणखी एक पोतं शिवलं होतं. हीटर लावला, विझला. आत गारवा वाढला म्हणून आम्ही पोत्यांवर खताच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या टाचल्या. तो आणखी लवकर विझला.

दुपारी आई आत आली आणि लगेच मागं सरली.

"डोळं चुरचुरत्यात रं. डोस्कं बी जड झालंया. हितं माणसाला श्वास घ्यायला हवा कुठं हाय?"

तिनं पडदा वर धरला. मी नुकतीच पेटवलेली, लाल होऊन खाली बसत चाललेली ज्योत हळूहळू सरळ झाली. मी बघत राहिलो. काचेच्या बरणीखाली मेणबत्ती का विझते, हे मी आठवीत आकृतीसकट लिहिलं होतं. गुरुजींनी ती वही वर्गात फिरवली होती.

वडील मेलेली पिलं घमेल्यात गोळा करत होते. ते रागावले असते तर बरं झालं असतं. घमेलं बाहेर ठेवून आले आणि त्यांनी आईच्या हातातून पडदा घेतला.

"आता किती उघडं ठिवायचं?" त्यांनी विचारलं. "तू सांगशील तसं बांधतो."

वारा नको एवढं मला शिकवलं होतं. हवा हवी हे आता कळलं होतं. पण किती, ते मला ठाऊक नव्हतं. ते पोत्याची कड हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत उभे होते.