डाव्या कोपऱ्याचा सहभाग

मी शारीरिक शिक्षणाची प्राध्यापक आहे. हे सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या पोटाकडे बघतो आणि मग 'अरे वा' म्हणतो. एके काळी मी कबड्डी खेळायचे. उजवा कोपरा. श्रीरामपूरच्या शाळेपासून विद्यापीठाच्या संघापर्यंत त्याच जागेवर उभी राहिले, दोन्ही गुडघे फोडून घेतले, आणि त्यातून जी प्रमाणपत्रं मिळाली त्यांच्या जोरावर नगरच्या एका महाविद्यालयात नोकरीला लागले. त्यामुळे खेळाडूच्या आयुष्यात कागदाची किंमत काय असते, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. तरी मी जे केलं ते केलं.

बढती हवी तर पीएच.डी. पाहिजे, म्हणून चाळिशीला टेकल्यावर मी विषय घेतला: ग्रामीण मुलींचा खेळातला सहभाग. मार्गदर्शक सर म्हणाले, 'सामाजिक आहे, चालेल.' सर कुठल्याही गोष्टीला चालेल म्हणायचे आणि गोष्ट चालू झाली की हळूच अंग काढून घ्यायचे. मी लांबलचक प्रश्नावली तयार केली. नैतिक समितीने तिच्यातले दोन स्वल्पविराम बदलले आणि सोबत एक संमतीपत्र जोडायला लावलं. त्यात ठळक अक्षरांत होतं: 'तुमचे नाव कोठेही उघड केले जाणार नाही.' प्रत्येक मुलीला एक क्रमांक द्यायचा, तो प्रश्नावलीवर आणि संमतीपत्रावर टाकायचा, आणि संमतीपत्राची एक प्रत पालकांना द्यायची, अशी पद्धत. मला या सगळ्याचा तेव्हा फार अभिमान होता. आपण निदान सभ्यपणे काम करतो आहोत, असं वाटायचं.

निवडलेल्या शाळांपैकी एक राजूरच्या पुढे डोंगरात होती. संगमनेरला गाडी बदलून राजूर, तिथून जीप, आणि जीप जिथे थांबेल तिथून पायी. दहावीपर्यंतची शाळा. मुलींचा कबड्डी संघ मात्र असा, की जिल्ह्यातल्या भल्या भल्या शाळा त्याचं नाव काढलं की गप्प व्हायच्या. खेळाच्या सरांनी मला चहा दिला, कपाटातल्या ढाली दाखवल्या आणि माझ्यासाठी म्हणून मुलींचा एक सामना लावला. मुरमाचं मैदान, फक्कीने आखलेल्या रेषा, आणि सगळ्या पोरी अनवाणी.

डाव्या कोपऱ्यावर एक मुलगी होती. उंचीने बेताची, खांद्याने रुंद. चढाई करणारी तिच्या अंगावर आली की ती मागे सरायची, भ्याल्यासारखी. समोरचीला वाटायचं, चला, इथे जागा आहे. तिचा पाय जरा आत पडला की ही खाली बसून घोटा धरायची, आणि एकदा धरला की विषय संपला. मी इतकी वर्षं कोपऱ्यावर खेळले, पण ते मागे सरणं मला कधी जमलं नव्हतं. पाहताना मला तिचा हेवा वाटला, हे सरळ सांगते. बाकीच्या पोरी तिला नावाने हाक मारत नव्हत्या. 'डावी, धर,' 'डावी, आत ये,' असं चाललं होतं. मैदानावर आम्हीही एकमेकींना जागेवरूनच हाका मारायचो, म्हणून मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

दुपारी वर्गात प्रश्नावल्या भरून घेतल्या. आदल्या दिवशी पोचल्यावरच पालकांची बैठक घेऊन संमतीपत्रांवर सह्या आणि अंगठे झालेच होते. संध्याकाळच्या जीपची वाट बघत मी कागद चाळत बसले तर तेवीस क्रमांकावर अडखळले. चौथा प्रश्न होता, 'शालेय स्पर्धांत तुमचा सहभाग आहे का? असल्यास किती वर्षे?' पुढे नीट अक्षरात लिहिलं होतं: 'सहभाग नाही.' तेवीस क्रमांक म्हणजे डाव्या कोपऱ्यावरची ती मुलगी.

मला राग आला. मी तापट आहे, आणि थट्टा केलेली मला खपत नाही. तिला बोलावलं आणि विचारलं, "खोटं का लिहिलंस?"

"खोटं न्हाई मॅडम. माज्याकडं सहभाग न्हाई."

"अगं, सकाळी खेळत होतीस ती कोण?"

"खेळते की. पन सहभाग न्हाई. ह्या समद्यांकडं हाय. कोनाकडं दोन हायेत, कोनाकडं तीन."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. स्पर्धेनंतर जो कागद मिळतो त्याच्यावर 'सहभाग प्रमाणपत्र' असं छापलेलं असतं. दुसरा शब्द जिभेला जड, म्हणून त्या शाळेतल्या पोरींनी तो गाळून टाकला होता. सहभाग म्हणजे तो कागद. माझा सहभाग पेटीत आहे, तिचा सहभाग भिजला, असं त्या सहज बोलायच्या. मी अख्खं संशोधन ज्या शब्दावर उभं केलं होतं, त्याचा त्या शाळेत अर्थ वेगळा होता, आणि तो खरं तर माझ्या अर्थापेक्षा नेमका होता. सगळ्यांकडे आहे तर तुझ्याकडे का नाही, एवढंच मी तिला विचारलं.

तिने काही न लपवता सांगितलं. ती लहान असताना आईबरोबर कामासाठी परगावी होती, शाळेत उशिरा आली. संघात आली तीच दहावीत, आणि तोवर वयोगटाच्या चार महिने पुढे गेली होती, आणि मोठ्या वयोगटाचा संघ त्या शाळेत नव्हता. ती नसेल तर संघ पहिल्या फेरीत घरी. मग खेळाच्या सरांनी मार्ग काढला. वर्गात एक मुलगी होती, संस्थेच्या संचालक मंडळातल्या घरची. ती मैदानावर कधी फिरकली नव्हती, पण तिची जन्मतारीख बसत होती. खेळाडूच्या अर्जावर नाव तिचं लागलं, फोटो हिचा. फोटोवर मुख्याध्यापकांचा शिक्का, अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर, म्हणजे शंका घ्यायला जागा नको. त्या नावावर ही जिल्ह्याला खेळली, विभागाला खेळली, राज्यालाही जाऊन आली.

"पंचांनी नाव पुकारलं का मी वळायची," ती म्हणाली. "पयल्या दिशी इसरले. सर लई बोलले. मग पोरींना सांगितलं, हिला नावानं हाकच मारू नका, डावी म्हना."

"आणि कागद?"

"त्यो तिच्या घरी. तिचंच नाव हाय ना त्याच्यावर."

"तुला काय मिळालं मग?"

"खेळाया मिळालं. मॅटवर." हे सांगताना तिचा चेहरा उजळला होता. त्या चेहऱ्याने माझा राग आणखी वाढला, आणि तो नक्की कोणावर काढायचा हे मला कळेना.

निघताना तिने विचारलं, "मॅडम, तुमचं पुस्तक व्हनार हाय ना? त्यात माजं नाव लिवा. दुसरं काय नको."

मी पिशवीतून संमतीपत्र काढलं आणि ते ठळक वाक्य तिला वाचून दाखवलं. हे तुझ्या भल्यासाठीच आहे, असंही सांगितलं.

"सर बी हेच म्हनले हुते," ती म्हणाली. "नाव कुटंच येनार न्हाई, घाबरू नको."

मी हसले. ती मात्र हसत नव्हती.

नगरला परतल्यावर मी मार्गदर्शक सरांना सगळं सांगितलं. म्हटलं, क्रीडा कार्यालयाला कळवायला हवं. सर म्हणाले, "आपण अभ्यासक आहोत, पोलीस नाही. शिवाय फोटो कोणाचा आहे? पकडली गेली तर पहिली तीच जाईल." हे खरं होतं. त्यातच माझी सोयही होती. मग मी म्हटलं, शाळेचं नाव न देता एक प्रकरण तरी लिहू. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "परीक्षक विचारतील, कुठली शाळा? तुम्ही काय सांगणार? आणि पुढच्या वर्षी आपल्या विद्यार्थ्यांना सरावपाठाला शाळा कोण देणार?" सरांचं अंग आधीच निघालं होतं, आता माझंही काढून घ्यायला ते मला शिकवत होते. मी चांगली विद्यार्थिनी निघाले.

पण खरं पाप संगणकावर माहिती भरताना झालं, आणि त्या वेळी सर खोलीत नव्हते. मी एकटीच होते. तेवीस क्रमांकाच्या ओळीत चौथ्या प्रश्नापुढे 'आहे' टाकायचं की 'नाही'? 'आहे' टाकलं तर पुढे कोणत्या स्पर्धा, कोणतं वर्ष, प्रमाणपत्र पाहिलं का, अशी ओळच्या ओळ भरावी लागणार आणि तिथे सगळं उघडं पडणार. 'नाही' टाकलं तर काहीच भरायला नको. तिने स्वतःच्या हाताने लिहिलंय, मी फक्त उतरवून घेते आहे, असं मी मनाला समजावलं. तिच्या 'नाही'चा अर्थ मला चांगला माहीत होता. तरी मी 'नाही' टाकलं आणि चोविसाव्या ओळीवर गेले.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी माझ्या कामातल्या नैतिक काळजीचं कौतुक केलं. उत्तरदात्रींची ओळख इतक्या कसोशीने जपलेली आपण क्वचित पाहिली, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी साडी नेसले होते, पेढे वाटले, आणि घरी येऊन दोन दिवस अंथरुणात पडून राहिले. नवऱ्याला वाटलं, दमले असेन.

मध्ये काही वर्षं गेली. जिल्ह्याचं नाव कागदोपत्री अहिल्यानगर झालं, आम्ही बोलताना नगरच म्हणत राहिलो. एक दिवस तास संपवून आले तर खोलीबाहेर बाकावर दोघी बसलेल्या. मुलीला मी लगेच ओळखलं. खांदे तेच होते. शेजारी तिची आई, मांडीवर कापडी पिशवी. पहाटे निघून, गाड्या बदलत आल्या होत्या. मी चहा मागवला. मुलगी बारावी झाली होती आणि पोलीस भरतीची तयारी करत होती. खेळाडूंसाठी ज्या राखीव जागा असतात, त्यांच्यासाठी त्या दुसऱ्या मुलीने अर्ज भरला होता. त्याच कागदांवर. पडताळणीही सुरळीत झाली होती. का होणार नाही, कागद खरेच होते.

"मला तिचं काय घ्यायचं न्हाई," मुलगी म्हणाली. "मी सादीच भरती देनार हाय. धावते मी चांगली. पन एक कागद माजा असावा म्हनून आले. भरतीत चालनार न्हाई, ठाव हाय मला."

आईने पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. माझ्या संमतीपत्राची प्रत होती ती. वर क्रमांक तेवीस, खाली मुलीचं नाव आणि आईचा अंगठा. मुलीने सगळं नीट विचार करून ठरवलं होतं. माझ्या पुस्तकात नाव नसलं तरी क्रमांक असणार, आणि त्या क्रमांकाचं नाव या कागदावर होतं. त्या पानाची झेरॉक्स काढायची आणि दोन्ही कागद एकत्र ठेवायचे. एवढ्या परीक्षकांच्या आणि समितीच्या डोक्यात कधी आलं नसतं, ते तिने घरी बसून जुळवलं होतं.

त्या क्षणी मी खोटं बोलू शकले असते. प्रबंध ग्रंथालयात आहे, ग्रंथालय बंद आहे, असं काहीही. पण तो माझ्या मागच्या फळीवरच होता आणि तिने त्याच्या पाठीवरची सोनेरी अक्षरं वाचली होती. ती उठली, तिने तो स्वतःच खाली काढला आणि शेवटची पानं उघडली. तक्ते तिला लगेच सापडले. पहिल्या रकान्यावरून बोट खाली नेत ती तेविसावर थांबली, मग ते बोट आडवं सरकलं. मी खिडकीकडे बघत राहिले.

"काय लिवलंय?" आईने विचारलं.

"न्हाई लिवलंय."

"कशाला न्हाई?"

"खेळाला. ही मुलगी खेळत न्हाई, आसं."

मी घाईघाईने म्हणाले, "मी पत्र देते ना. कॉलेजच्या कागदावर. मी स्वतः तुला खेळताना पाहिलंय, असं लिहिते."

"पुस्तकात न्हाई म्हनून छापलंय मॅडम," ती म्हणाली. "आता पत्रात हाय म्हनून लिवनार?" आवाज चढवला नाही तिने. प्रबंध मिटला आणि जिथून काढला होता तिथे सरळ करून ठेवला.

आईने तो कागद पुन्हा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला. पिशवीत ठेवता ठेवता तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"बाई, मग तुमी तवा येवड्या लांब आमच्याकडं कशाला आल्ता?"

"अभ्यासाला," मी म्हणाले.

"झाला का?"

"हो," मी म्हणाले. "झाला."