कृष्णकांतच्या वहीतले खेळ

ज्या खेळात माणूस दमत नाही, तो खेळ कृष्णकांतच्या मते खेळच नव्हे.

सुकापूरच्या दोन खोल्यांत टीव्हीखाली खेळाचं यंत्र होतं. ते त्याच्या मुलाचं, निनादचं. निनादची बदली बंगळुरूला झाली आणि यंत्र मागे राहिलं. निवृत्तीनंतरच्या चौथ्या महिन्यात कृष्णकांतने ते पुसायला काढलं, आणि पुसून झाल्यावर लावून बघितलं. तेव्हा तो एकसष्टचा होता. आता सहासष्टचा आहे. निनाद तिकडून नवे खेळ पाठवतो, बाप ते खेळतो आणि वहीत शेरा मारतो.

वहीची सवय बंदरातली. कृष्णकांत रिगर होता. हुकाला माल बांधायचा आणि खाली उभं राहून वर केबिनमधल्या ऑपरेटरला हाताने खुणा द्यायच्या, हे त्याचं काम. दर महिन्याला दोर आणि साखळ्या तपासायच्या आणि वहीत एकच शब्द लिहायचा. योग्य, नाहीतर बाद. लिहिलेलं खोडायचं नाही. चुकलं तर खाली नवी तारीख घालून नवी नोंद करायची.

शेतीच्या खेळावर त्याने लिहिलं होतं, "पेरल्यापासून तिसऱ्या मिनिटाला भात तयार. चिखल नाही, कंबर दुखत नाही. बाद." बंदुकांच्या खेळावर, "अंगावर सात बंदुका घेऊन गडी धावतो. याला एक दिवस हमालीला लावा. बाद." मोटारींच्या शर्यतीत गाडी भिंतीवर आपटूनही पळते, म्हणून बाद. शहर वसवायच्या खेळात बोट दाबलं की पूल उभा राहतो आणि गवंडी एकही दिसत नाही, म्हणून तोही बाद. वरून ठोकळे पडणाऱ्या जुन्या खेळावर मात्र लिहिलं होतं, "ज्याने काढला त्याने कधीतरी जहाजात माल लावला असणार. खालची रांग चुकली की वरचं सगळं चुकतं. योग्य."

"बाद केलात ना तो शेतीचा? मग आठ दिवस तोच काय खेळताय?" शशिकला, त्याची बायको, विचारायची.

"पुरता तपासल्याबिगर शेरा मारायचा नाय."

वहीत एकाच खेळाखाली रेघ मारलेली होती. तो क्रेनचा खेळ दोघांनी खेळायचा. पडद्याच्या डाव्या भागात ऑपरेटरची केबिन, उजव्या भागात खालचा माणूस. केबिनमधून जहाजाचं पोट दिसत नाही, ते खालच्याच्या भागात दिसतं. ऑपरेटर दुसऱ्या भागाकडे बघायला गेला की इकडे माल झुलायला लागतो. अशी चोवीस कामं. "वारा लागतो. घाई केली की दोर तुटतो. योग्य."

या खेळाला जोडीदार हवा, आणि तो नियाजशिवाय दुसरा कोण असणार? नियाज पनवेलच्या मोहल्ल्यात राहायचा. आधी दोहा आणि मग इथलं बंदर, सगळी नोकरी क्रेनवर. बावीस वर्षं तो वर आणि कृष्णकांत खाली. कृष्णकांतच्या डाव्या हाताच्या एका बोटाची दोन पेरं दोराने नेली होती, पण ते नियाज येण्याआधी. त्या बावीस वर्षांत त्यांच्या मालाखाली कोणाला ओरखडासुद्धा आला नव्हता. नियाजला दुसऱ्या कशाचा गर्व नव्हता, याचा होता.

रोज चारला तो रिक्षाने सुकापूरला यायचा आणि खुर्चीवर बसायचा. त्याच्या उजव्या हाताला, पलंगावर, कृष्णकांत. दोघांच्या हातात कंट्रोलर, तरी खुणा द्यायची वेळ आली की कृष्णकांत डावा हात नियाजच्या खांद्याशी वर धरायचा. अंगठा खाली म्हणजे उतरव, आवळलेली मूठ म्हणजे थांब.

"अहो, शेजारी तर बसलाय. तोंडाने सांगा की," शशिकला म्हणायची.

"ओरडतो तो कच्चा रिगर."

"भाभी, याने बावीस वर्षांत मला एक शिवी पण हातानेच दिली," नियाज म्हणायचा.

थांबायच्या खुणेचा बंदरात एक कायदा होता. ती कोणीही देवो, झाडूवाल्याने दिली तरी ऑपरेटरने थांबायचं. कारण नंतर विचारायचं.

अठरा कामं झाली. एकोणिसाव्यात एक बॉयलर जहाजाच्या पोटात उतरवायचा होता. कृष्णकांतचा माणूस खाली उभा. कृष्णकांतने मूठ आवळली. बॉयलर थांबला नाही. माणूस चेंगरला.

"मूठ दिसली नाय?"

"दिसली रे. हात जरा उशिरा हलला."

"बावीस वर्षं कधी उशिरा नाय हलला."

"तेव्हा पगार मिळत होता, कांता. आता भाभीच्या चहावर काम करतो. चहावर इतकंच होतं."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. नियाज हसण्यावारी न्यायचा आणि त्या हसण्याचाच कृष्णकांतला जास्त राग यायचा. हात थकला असता तर त्याने समजून घेतलं असतं. मन लावून काम न करणारा माणूस मात्र त्याला जन्मात आवडला नव्हता. अकराव्या वेळी त्याने कंट्रोलर पलंगावर आपटला.

"अंगचोर झालास तू, नियाज. खरं बंदर असतं ना, तर तुझ्या मालाखाली आज अकरा मढी पडली असती."

नियाज हसला नाही. त्याने कंट्रोलर मांडीवरून काढून खुर्चीवर ठेवला, "येतो भाभी," म्हणाला आणि निघाला. जाताना दाराच्या चौकटीवर त्याचा उजवा खांदा आपटला.

"बघून चाल की!" कृष्णकांत मागून ओरडला.

मग त्याने वही घेतली, तारीख घातली आणि लिहिलं, "ऑपरेटर बाद."

नऊ दिवस नियाज आला नाही. कृष्णकांत एकटाच खेळत राहिला. क्रेनच्या खेळात माणूस नसला तर यंत्र स्वतःच जोडीदार होतं. ते एकदाही चुकलं नाही, आणि कृष्णकांतच्या उचललेल्या हाताशी त्याला काही देणंघेणंही नव्हतं. चार ते सहा हे दोन तास आता सरता सरत नव्हते. सांध्यांसाठी चालायला जा असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तो माथेरान रोडपर्यंत जायचा आणि रिक्षा बघून परत यायचा.

दहाव्या दिवशी शशिकला शेंगा सोलता सोलता म्हणाली, "नियाजभाईंचा कप मी गणपतीपासून समोर स्टुलावर ठेवते. बघितलंत कधी?"

"त्यात काय बघायचं?"

"उजवीकडे ठेवला की सांडतो. तीनदा सांडला. चौकटीला आपटतो तोही उजवाच खांदा. आणि समोरचं म्हणाल, तर मागे एकदा मला सुईत दोरा ओवून दिला त्यांनी. चष्म्याशिवाय."

कृष्णकांतने आपला डावा हात उचलला आणि आपण तो कुठे धरत होतो ते बघितलं. नियाजच्या उजव्या खांद्याशी. चप्पल घालून तो तसाच निघाला.

रिक्षा गाढी नदीचा पूल ओलांडून पनवेलात शिरली. दार फरिदाने, नियाजच्या बायकोने, उघडलं. तिने "बसा" म्हटलं, पण तोंडभरून म्हटलं नाही. नियाज पेपर वाचत होता. शेजारी डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या दोन बाटल्या होत्या.

"काचबिंदू," नियाज म्हणाला. "उजवा जास्त, डावा मागून येतोय. गेलं ते येत नाही म्हणतात. समोरचं दिसतं, तुझं थोबाडसुद्धा साफ दिसतंय, बदकिस्मती माझी. बाजूचं गेलं. पाइपातून बघावं तसं."

"मग अठरा कामं कशी केलीस?"

"मान वळवून तुझा हात बघायचो. एकोणिसाव्यात मान वळवायला वेळ मिळत नाही."

"सांगितलं का नाय?"

"ऑपरेटरची नजर गेली की काय करतात?"

"खाली उतरवतात."

"मग? मला नव्हतं उतरायचं." नियाजने पेपराची घडी केली. "इथे सगळे मला धरून धरून बसवतात. पाणी हातात, चप्पल पायात. तुझ्याकडे चार ते सहा मी वर असायचो, कांता."

कृष्णकांतने थेंबांच्या दोन्ही बाटल्या एका रांगेत ठेवल्या. मग म्हणाला, "ऑपरेटरला दिसत नाय तिथं उभा राहतो, तो रिगर चुकतो. कसूर माझी. वहीत लिहितो."

"वहीत लिहून मला काय? उद्या ये म्हण."

"ये."

दुसऱ्या दिवशी कृष्णकांत टीव्हीखाली जमिनीवर बसला, तोंड नियाजकडे. हात दिसला, पण पडदा पाठीमागे गेल्यामुळे मूठ कधी आवळायची तेच त्याला कळेना. दोनदा माणूस चेंगरला. मग तो उठून पलंगावर बसला आणि खाकरला. त्याच्या उमेदवारीच्या काळातले म्हातारे खलाशी हाक देऊन माल हलवायचे. हाबेस म्हणजे उचल, आरिया म्हणजे उतरव. त्या हाकांना तो जन्मभर हसला होता.

"आरिया," तो पुटपुटला.

"जेवला नाहीस काय?"

"आरिया! आरिया... बस्स!"

चौथ्या खेपेला बॉयलर जागेवर बसला. शेजारच्या गुरुदत्तने बेल वाजवली. "काका, काही पडलं का?"

"आवाज पडला होता याचा," नियाज म्हणाला. "बावीस वर्षांनी सापडला."

हाकेवर विसावं झालं, एकविसावं झालं. बाविसाव्याला महिना लागला. फरिदा आता नियाजला रिक्षापर्यंत सोडायला यायची, आणि इकडे शशिकला उतरवून घ्यायला खाली जायची. मधूनच नियाज पडद्यावरचा हुक शोधत मान गोल फिरवायचा. कृष्णकांत ते बघून न बघितल्यासारखं करायचा आणि हाक देत राहायचा. संध्याकाळी त्याचा घसा बसलेला असायचा.

तेविसाव्या कामात धुकं होतं. सगळा पडदा राखाडी. माल उचलून झाला, फिरवून झाला.

"आरिया... आरिया..."

माल मध्येच थांबला. कृष्णकांतने वळून बघितलं. नियाजने कंट्रोलर मांडीवर ठेवला होता आणि उजवा हात समोर धरला होता. मूठ आवळलेली.

कृष्णकांतने हाक थांबवली. पडद्यावर माल वाऱ्याने झुलत होता.

"लटकता माल टाकून केबिन सोडायची नाही," नियाज म्हणाला. "ये, घे. खाली ठेव."

त्याने आपला कंट्रोलर कृष्णकांतच्या हातात दिला. कृष्णकांतने आयुष्यात क्रेन चालवली नव्हती. क्रेनच्या बटणापर्यंत त्याचं अर्धं बोट पोचत नव्हतं. नियाजने त्याच्या हातावर आपला हात ठेवला. "आस्ते. झुलू दे, झुलणं थांबलं की मग." बऱ्याच वेळाने माल धक्क्याला टेकला. काम फुकट गेलं, असं पडद्यावर आलं. कृष्णकांतने यंत्र बंद केलं. थांबण्याचं कारण त्याने तेव्हाही विचारलं नाही आणि नंतरही नाही.

नियाज अजून येतो, पण रोज नाही. समोरच्या स्टुलावर त्याचा कप असतो. टीव्ही बंद असतो.

वहीत "ऑपरेटर बाद" तसंच आहे. त्याच्याखाली "रिगरची कसूर", आणि त्याखाली "तेविसावं काम थांबवलं. खूण ऑपरेटरची."

रविवारी निनादचा फोन आला. "बाबा, तो क्रेनचा संपला का? नवीन पाठवू?"

"नको पाठवू," कृष्णकांत म्हणाला. "माल अजून धक्क्यावर हाय."