दुनायेत्सच्या घळीतली वाट

लुत्सिना तार्नूव शहरात बस चालवायची. मी शाळेत शिकवायचे आणि बहुतेक तिच्याच बसने घरी यायचे. वळण ती इतकं अलगद घ्यायची, की उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसालाही दांडा धरावा लागत नसे. निवृत्त झाली त्या दिवशी तिने गाडी चालवायचे हातमोजे डेपोच्या कचराकुंडीत टाकले आणि मला म्हणाली, "बाई, आता स्टिअरिंगला हात लावणार नाही. आता फक्त सायकल."

पुढच्याच महिन्यात तिच्या नवऱ्याने, रिशार्दने, कॅम्पर घेतला. आत दोन पलंग, गॅस, छोटं सिंक. मागे सायकली टांगायची सोय. तेव्हापासून दर उन्हाळ्यात दोघं दुनायेत्स नदीच्या खोऱ्यात फिरायची. रिशार्द सायकलवर, लुत्सिना गाडीत. तो मुक्कामाला पोचायचा तेव्हा ती आधीच पोचलेली असायची आणि स्वयंपाकही झालेला असायचा. तिची लाल सायकल मागे टांगलेलीच. टायरवर रबराचे जे बारीक केस असतात, ते अजून झिजले नव्हते.

या उन्हाळ्यात त्यांनी मला माझ्या जुन्या सायकलीसकट बरोबर घेतलं.

रविवारच्या प्रार्थनेसाठी शनिवारी संध्याकाळीच आम्ही चर्चमध्ये जाऊन आलो होतो. रविवारी सकाळी गाडी स्रोमोव्त्से गावापाशी एका कुरणात उभी होती. इथून पुढे नदी डोंगराच्या घळीत शिरते. घळीतून पायी जाता येतं, सायकलने किंवा तराफ्यावरून जाता येतं. गाडीला मात्र डोंगराला मोठा वळसा घालून घळीच्या पलीकडच्या टोकाला, आमच्या पुढच्या मुक्कामाच्या शचाव्नित्साला जावं लागतं. लुत्सिनाने ती घळ कधी पाहिलीच नव्हती.

गॅसवर रोसूव उकळत होतं. रविवारी एक वाजता हे कोंबडीचं निवळ सूप टेबलावर नसेल, तर आमच्याकडे कोणाला रविवार वाटत नाही. रिशार्दला तर नाहीच नाही.

"आज मी घळीतून येते," लुत्सिना म्हणाली.

रिशार्द हेल्मेटचा पट्टा लावत होता. "अगं, ती वाट तुझ्यासाठी नाही. नुसते दगडधोंडे आणि उभे चढ. गेल्या वर्षी चांगला धडधाकट माणूस आपटला. तुझे गुडघे बघ."

"माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीय?"

"आणि गाडी कोण आणणार? एवढं धूड मला झेपत नाही. तुझ्यासारखा हात कोणाचा आहे? बाई, तुम्ही तरी समजवा हिला."

"मी कशाला समजवू? तिला जायचंय," मी म्हटलं.

तो हसला. "एक वाजता, लुत्सिन्का. सुपातल्या शेवया फार शिजवू नकोस." आणि निघून गेला.

तिने हातातला डाव खाली ठेवला. मग तिने गॅस बंद केला. सायकलच्या पट्ट्यांचे बकल गंजले होते. दोनदा ओढून पाहिलं, मग भाजीच्या सुरीने तिने पट्टेच कापले. गाडीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

नदी म्हणजे इथे देशाची सीमाच; पादचारी पुलावरून आम्ही पलीकडे, स्लोवाकियाच्या काठाला गेलो. वाट रुंद होती, बारीक खडीची. पुढच्या वळणावर दगड येतील म्हणून लुत्सिनाची बोटं ब्रेकवरच होती. वळण गेलं. आणखी एक गेलं. चढ आला तोही आमच्या शाळेच्या फाटकापुढे आहे तेवढाच. मग समोरून एक बाई बाबागाडी ढकलत आली. मागून एक चिमुरडी एवढ्याशा सायकलवर घंटी वाजवत आम्हाला ओलांडून गेली.

लुत्सिना थांबली. चेहरा लालबुंद झाला होता.

"बाबागाडी," ती म्हणाली. "बाई, इथे बाबागाडी चालते."

त्यानंतर ती मान खाली घालून नुसते पेडल मारत राहिली. मला पांढरे कडे दिसत होते, त्यांच्या पायथ्याशी हिरवं पाणी, पाण्यावर तराफे. इतकं सुंदर होतं ते सगळं, की मलाच रिशार्दचा संताप आला.

शचाव्नित्साला तो बाकावर बसून घड्याळ बघत होता.

"गाडी कुठे लावलीस?"

"होती तिथेच आहे."

"आणि रोसूव?"

"गाडीत."

"वेड लागलंय का तुला? आज रविवार आहे!"

"चढ कुठे आहे, रिशार्द?"

"कसला चढ?"

"उभा. आणि दगडधोंडे? तो तुझा धडधाकट माणूस काय बाबागाडीवर आपटला?"

"हळू बोल, लोक बघतायत."

"बघू देत! डेपोत निदान पगार तरी मिळायचा."

रिशार्द पुटपुटला, "मला वाटलं, तुला गाडी चालवायला आवडतं."

तिने किल्ली त्याच्या उलट्या हेल्मेटमध्ये टाकली. "जा, घेऊन ये."

तो सायकलने परत गेला. आम्ही धुरी दिलेलं, मेंढीच्या दुधाचं चीज घेतलं. ती लचके तोडल्यासारखी खात होती. दुपार कलल्यावर कॅम्पर आला, आरशावर नवा ओरखडा घेऊन. रिशार्दने दार उघडलं. पातेलं जमिनीवर आडवं पडलं होतं, सूप पलंगाखाली गेलं होतं, गाजरं दाराशी घरंगळत आली होती. पातेलं घोंगडीत गुंडाळून पुढच्या सीटवर पट्ट्याने बांधायचं असतं, हे त्याला कळणार कसं, ते नेहमी लुत्सिनाच आणायची.

"झाकण लावलं होतं मी," तो म्हणाला.

लुत्सिनाचा हात सवयीने फडक्याकडे गेला. ते तिने काढलं आणि त्याच्या हातात दिलं.

"बादली सिंकखाली आहे."

मग तिने सायकल वळवली.

"आता कुठे?"

"परत. रागाच्या भरात नदी बघायची राहिली. संध्याकाळी गाडी सकाळच्या त्या कुरणात आण. आणि वळणावर गिअर कमी कर, ब्रेक नुसता दाबत बसू नकोस."

मीही माझी सायकल उचलली.