मायनस अठरात पन्नास मिनिटं

करंज्याच्या रंभाला मासळी कळायची. बंदरावर लिलावाला उभी राहिली, की टोपलीत हात न घालता सांगायची, ही पापलेटं आजची, ती परवाची. या नजरेमुळेच तिला पळस्पे फाट्याजवळच्या एका शीतगृहात काम मिळालं. नवरा काशिराम महिन्यातले वीस दिवस बोटीवर, लेक प्रांजल पनवेलच्या कॉलेजात; म्हणून मायलेकींनी पनवेललाच खोली घेतली होती. गोठवलेल्या मासळीचे खोके गाडीत चढताना मोजायचे, एखादा उघडून माल बघायचा आणि कागदावर सही करायची, हे रंभाचं काम. चार वर्षांत थंडीची भीती तिला कधी वाटली नव्हती. धास्ती असायची ती उन्हाची. मे महिन्यात गाडीचं दार पाच-सात मिनिटं जास्त उघडं राहिलं, तरी कडेचे खोके पाझरायला लागतात, आणि एकदा बर्फ सुटलेली मासळी परत गोठवली तरी कामातून गेलेलीच. म्हणून शीतगृहाच्या माल चढवायच्या धक्क्यावर कुणी चालत नसे, सगळे पळतच असत.

त्या मंगळवारीही तसंच झालं. साडेअकराचं ऊन, गाडी महाडला निघालेली. ड्रायव्हर महादेव, पनवेलकडच्याच एका गावातला, साठीला टेकलेला, कामापुरतं बोलणारा माणूस. खोके भरून झाले, घाईत रंभाची कागदावर सहीही झाली, आणि परत मोजताना तिला एक कमी आला. घामाने ब्लाउज पाठीला चिकटला होता, म्हणून जाडं जाकीट तिने मघाशीच खुंटीला लावलं होतं. मोबाइल कामाच्या वेळी कपाटात ठेवायचा नियम होता. दोन मिनिटांचं तर काम, म्हणून ती तशीच गाडीत शिरली आणि खोक्यांच्या मधल्या वाटेने पार पुढच्या भिंतीपर्यंत गेली. कमी पडलेला खोका तिथे रांगेमागे सरकला होता. ती वाकून तो ओढत होती, तेवढ्यात मागचा उजेड गेला.

आधी तिला वाटलं, दार वाऱ्याने लोटलं असेल. मग बाहेरच्या लोखंडी दांड्या खाली बसल्याचा आवाज आला.

"दादूस, मी आत हाय," ती ओरडली. डोक्यावर पंखा घोंघावत होता. तिचा आवाज तिलाच नीट ऐकू आला नाही. चाचपडत दारापाशी पोचेपर्यंत गाडी हलली आणि ती खोक्यांवर आदळली. ती दारावर मुठी आपटत राहिली. वीतभर जाड भिंतीत ते ठोके जिरून जात होते. आतून उघडायला त्या गाडीला काही नव्हतं. दाराच्या पत्र्याला तळहात चिकटला, तो तिने खेचून सोडवला तेव्हा कातडी जळाल्यासारखी झोंबली. तेव्हा पहिल्यांदा तिला थंडीची भीती वाटली.

गाडीतलं तापमान मायनस अठरा. महाड साडेतीन तासांवर. तोवर हे दार उघडायचं नाही, कारण सील लागलेलं. हे सगळं तिला पाठ होतं. न जाणणारा माणूस निदान आशेवर तरी राहिला असता, असं तिच्या मनात आलं.

ओला ब्लाउज पाठीवर पुठ्ठ्यासारखा ताठ झाला. पदर डोक्याकानांवरून घट्ट गुंडाळून तिने एक खोका फाडला आणि त्याचा पुठ्ठा पायाखाली घातला. श्वास आत घेतला की नाकात टोचायचं. हवा संपेल का? एवढ्या मोठ्या गाडीत एका बाईला हवा पुरेल, असं ती स्वतःला सांगत होती, आणि तरी श्वास मोजून घेत होती. रस्ता अंगाला कळत होता. गाडी डावी-उजवी कलायला लागली, म्हणजे कर्नाळ्याची वळणं आली. या वळणांवरून ती शंभरदा गेली असेल. आता दोन हातांवर माणसं गाड्या चालवत होती, कुणी पाणी पीत असेल, आणि ती अंधारात उभी राहून मरायची वाट बघत होती. प्रांजल संध्याकाळी घरी येईल, कुलूप बघेल, शेजारच्या शोभाकडे जाऊन बसेल. हा विचार आला आणि रंभा रडायला लागली. पापण्या चिकटायला लागल्या तशी ती घाबरून गप्प झाली.

पापण्या पुसता पुसता तिला सेन्सर आठवला. डाव्या भिंतीवर, खांद्याएवढ्या उंचीवर, वायरीच्या टोकाला पेन्सिलीएवढी काडी लोंबत असते. आतली थंडी ती मोजते आणि आकडा महादेवच्या समोर, केबिनमध्ये दिसतो. तोच आकडा सुपरवायझर अविनाशच्या मोबाइलवरही जातो. काडी जागेवर आहे का, हे रोज सकाळी रंभाच बघायची.

भिंत चाचपत ती सरकली. बोटांना काही लागत नव्हतं, म्हणून मनगटाने चाचपलं. वायर सापडली. काडी ओढून तिने ब्लाउजच्या आत, काखेत धरली. बर्फाची सुई रुतावी तसं झालं. दात आवळून ती थांबली. आता आकडा चढेल, महादेवच्या केबिनमध्ये घंटी वाजेल, तो थांबेल.

गाडी थांबली नाही.

तिने शंभर मोजले, दोनशे मोजले. मग तिच्या ध्यानात आलं. मागच्या महिन्यात वायर तुटली होती, तेव्हा आकडा भलतीकडे जाऊन तिथेच बसला होता, आणि महादेव म्हणाला होता, "काडी मेली." घंटी बंद करून त्याने दिवसभर गाडी चालवली होती. आताही तो तेच समजला असणार.

थोडा वेळ ती नुसतीच बसली. झोप येत होती, आणि ती झोप चांगली नव्हे हे तिला कळत होतं. मग तिने काडी बाहेर काढून हवेत धरली. पन्नास मोजले. परत काखेत घातली. पन्नास मोजले. बाहेर काढली. मेलेली काडी एका जागी राहते. ही वरखाली झाली तर कुणाला तरी खटकेल. आकडे चुकायला लागले, तीसनंतर एकदम बेचाळीस येऊ लागले, हात कुठे आहे ते कळेना. तरी ती काढत होती आणि घालत होती.

गाडीचा वेग कमी झाला. तिला वाटलं, वाहतूक अडली असेल. मग इंजिन बंद झालं. बराच वेळ काहीच नाही. मग दांड्या वर उचलल्याचा खडखडाट झाला, आणि दार जेमतेम हातभर उघडलं.

उन्हाची भट्टी तोंडावर आली. फटीत महादेव उभा होता, हातात चाकं खोलायची लोखंडी टॉमी, चेहरा पांढराफटक. रंभाला बघून त्याने टॉमी खाली टाकली.

"रंभाबाय," एवढंच तो बोलला. मग तिला उचलून त्याने रस्त्याकडेच्या झाडाखाली बसवलं आणि स्वतः मातीतच तिच्या शेजारी बसला. गाडी खारपाड्याच्या पुलापलीकडे उभी होती. पन्नास मिनिटं झाली होती.

पाण्याची बाटली तिच्या ओठांना लावत तो म्हणाला, "अविनाश साहेबांचा फोन आलेला. बोलले, चालव तू, महाडला बघू. पन तो आकडा वर जायचा, खाली यायचा. मशीन असं करत नाय. मला वाटलं, आत कायतरी जित्तं हाय. उघडायची भीती वाटली मला, खरं सांगतो. उगाच थांबलो बाहेर."

"उघडलंस ना," रंभा म्हणाली. तिचे दात अजून वाजत होते.

पनवेलच्या दवाखान्यात तिला दोन दिवस ठेवलं. उजव्या हाताच्या दोन बोटांना फोड आले होते, ते पुढे बरे झाले, पण टोकांना अजून स्पर्श कळत नाही. अविनाश भेटायला आला, खुर्चीच्या कडेवर बसून राहिला. "मी आत बघायला हवं होतं," तो म्हणाला. "सही झालेली दिसली, आणि मीच हमालांना दार लावा म्हटलं." रंभाने त्याला शिव्या दिल्या नाहीत. ती एवढंच म्हणाली, "प्रत्येक गाडीत आतून वाजवायची घंटा बसवा, साहेब. मी येऊन दाबून बघणार." घंटा बसल्या, आणि तिने त्या एकेक दाबून बघितल्या. पण ते दाराबाहेर उभं राहून, हात आत घालून.

घरी तर तिने न्हाणीघराची कडी लावणंही सोडलं. बाहेर बसून प्रांजलने बोलत राहायचं, तेव्हा कुठे ती अंघोळ करायची. काशिराम म्हणाला, सोड ती नोकरी. तिला ते पटलंही होतं. पण मासळी बघायचं काम तिला आवडायचं, आणि महिन्याभराने ती परत गेली.

पहिल्या दिवशी गाडीच्या तोंडाशी ती इतका वेळ उभी राहिली, की खोके पाझरतील म्हणून हमाल कुरकुरायला लागले. महादेव आला आणि उघड्या दाराला खांदा लावून उन्हात उभा राहिला.

"जा तू. मी बोलत राहतो. माझा आवाज थांबला तर पळत ये."

आणि तो बोलायला लागला. मूळचा अबोल माणूस. त्याने आपल्या शेळीचं सांगितलं, सुनेच्या डोकेदुखीचं सांगितलं, डिझेलचा भाव सांगितला, आणि तीन मिनिटांत त्याचं सगळं बोलणं संपलं. तेव्हा तो समोरच्या खोक्यांवरची छापील अक्षरं मोठ्याने वाचत सुटला. "सुरमई, दहा किलो. कोळंबी, पाच किलो. उलटं ठेवू नये."

रंभा आत शिरली. ती खोके मोजत होती, चुकत होती, परत पहिल्यापासून मोजत होती.