तपकीर सोडलेले साडू

नाक या अवयवाचा एवढा मान राखणारा दुसरा गृहस्थ परंडा तालुक्यात नाही, हे मी तहसील कचेरीसमोरील अर्जलेखनाच्या प्रदीर्घ अनुभवावरून लिहून देण्यास तयार आहे. हे गृहस्थ म्हणजे माझे थोरले साडू. तपकिरीचे दुकानदार आणि त्या दुकानाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईकही तेच. दुपारी ते माझ्या टेबलाशेजारी येऊन बसत, चिमूट ओढत आणि असे शिंकत, की समोरचा पक्षकार अपशकुन टळेपर्यंत सहीच करीत नसे. मलाही लेखणी खाली ठेवून थांबावे लागे.

साडूंच्या पत्नीला, म्हणजे माझ्या मेव्हणीला, आम्ही अक्का म्हणतो. तिला फिट येतात. फिट आली की आमच्याकडे कांदा फोडून नाहीतर चप्पल काढून नाकाशी धरतात. ही सेवा साडूंनी वर्षानुवर्षे निष्ठेने केली. परंतु मागे एकदा फिट आवरेचना आणि अक्का मरता मरता वाचली. तेव्हा सोलापूरच्या डॉक्टरांनी रात्रीच्या झोपेच्या गोळीखेरीज फिट आल्यावर नाकात मारायचा गुंगीचा फवारा दिला आणि दातखीळ बसलेल्या तोंडात काही घालू नका, असे बजावले.

औषध नाकातून अधिक चढते की पोटातून, याचा निकाल साडूंनी स्वतःवरच लावायचे ठरवले. एके दुपारी अक्काची झोपेची गोळी घेतली, तर दुकानातच घोरू लागले. पुढे एकदा फवारा मारून डोळे मिटून बसले. झोप काही आली नाही; औषध मात्र तपकिरीत कालवून मिशीवर उतरले.

"गोळीच खरी, पाव्हणं. नाकातनं काय जात न्हाय," त्यांनी मला गंभीरपणे सांगितले.

तांदूळ निवडत बसलेली अक्का म्हणाली, "आवं, तुमच्या नाकात तपकीर थापलीया. माझं नाक मोकळं हाय."

सदर हरकत साडूंनी विचारात घेतली नाही.

पुढे माझ्याच घरी, जेवणाच्या पंगतीत, अक्काला फिट आली. कांदा झाला, चप्पल झाली, फिट थांबेना. साडूंच्या एका हातात गोळी होती आणि दुसऱ्या हातात फवारा. अक्काचे दात घट्ट बसलेले, ओठ निळे पडू लागलेले. साडू तिच्या तोंडाकडे पाहतच राहिले. मग पुटपुटले, "मोकळं हाय म्हणली व्हती." गोळी टाकून त्यांनी फवारा मारला.

थोड्या वेळाने तिची मूठ सैलावली, श्वास संथ झाला. मग तिला दवाखान्यात नेले.

शुद्धीवर आल्यावर तिने क्षीण आवाजात विचारले, "गोळी का फवारा?"

"फवारा," साडू म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

घरात पूड उडून अक्काचे नाक चोंदू नये म्हणून त्यांनी त्या दिवसापासून तपकीर सोडली. दुकानात आता काडेपेट्या आणि साबण असतो. दुपारी ते अजूनही माझ्याकडे येतात. सवयीने हात खिशात जातो, डबीच्या जागी ठेवलेला फवारा चाचपतो आणि रिकामाच परत येतो. पक्षकार बिनधास्त सह्या करतात. मी मात्र अर्ज पुरा झाला, तरी लेखणी खाली ठेवून क्षणभर थांबतो.